लेंड्या मोजण्याचे दिवस

त्या सकाळी ठिपक्याच्या ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. कागदाच्या एका कोपऱ्यात जेलीसारखा चिकट, अर्धपारदर्शक गोळा तेवढा पडला होता. मी नाक मुरडलं, कागद गुंडाळला आणि टाकून दिला. ससा घरात येऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. आधीच्या चार दिवसांत त्याच्या लेंड्या मी घरातला बाकीचा केर काढावा तशाच झाडून टाकल्या होत्या. त्यांत वाचण्यासारखं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

ठिपका म्हणजे ओंजळीत मावेल एवढा पांढरा जीव, उजव्या डोळ्यावर शाई सांडल्यासारखा तपकिरी डाग. विकणाऱ्याने दोन महिन्यांचा म्हणून सांगितला होता. आदल्या दिवशी त्याची मागची बाजू थोडी ओलसर, मळलेली दिसली होती. लेक म्हणाली, आई, ह्याला अंघोळ घालू या. मी म्हटलं, उद्या बघू. माझ्या आळसाने त्याचा जीव वाचवल्याचा तो एकमेव प्रसंग, कारण पोट बिघडलेल्या पिल्लाला पाण्यात बुडवलं तर गारठ्याने आणि धक्क्यानेच ते जायचं, हे मला दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

तर त्या सकाळी तो कोपऱ्यात पाठीची कमान करून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे टेकलेले. वाटीतलं खाणं तसंच. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि निदान केलं, "काल जास्त झालं असेल त्याला. आज लंघन घडू दे, संध्याकाळी बघ कसा टुणटुणीत होतो ते."

आमच्या घरात प्रत्येकाच्या पोटावर पहिला उपाय हाच झाला आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा लागूही पडला आहे. 'लंघनं परमौषधम्' हे मी अर्थ कळायच्या आधी पाठ केलेलं वचन. त्यामुळे मला ते पटलं. मी त्याच्यासमोरची वाटी उचलली. अंथरायला घातलेलं वाळलं गवत चिकट झालं होतं, म्हणून तेही काढून टाकलं आणि जुना मऊ टॉवेल घातला. पाण्याची वाटी भरली. आजाऱ्याची खोली आवरून यावं तशा समाधानाने मी कामाला बसले.

दुपारी त्याच्याकडून आवाज यायला लागला. खसखस रगडल्यासारखा, दातावर दात घासल्याचा. ससे खूश असले की दात हलकेच कुरकुरवतात, मांजराच्या गुरगुरीसारखंच ते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मला बरं वाटलं. लेकीला हाक मारून ऐकवलंसुद्धा. पण ती माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्याजवळ बसली आणि मग म्हणाली, "आई, हा खूश नाहीये. हा दात खातोय."

तिने वापरलेला शब्द बरोबर होता. सुखाची कुरकुर बारीक असते, ती ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. हा आवाज खोलीच्या दारातून ऐकू येत होता. तो पोट जमिनीला दाबून लांब व्हायचा, मग उठून पुन्हा कमान करायचा, मग जागा बदलायचा. कुठेच बरं वाटत नसलेल्या माणसासारखा. ससा सहसा ओरडत नाही. सगळ्यांनी मारून खायचा प्राणी तो, दुखतंय असं जाहीर करणं त्याला परवडतच नाही. त्यामुळे तो जेव्हा दुखणं लपवू शकत नाही, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मी आमच्या जवळच्या पशुवैद्यांना फोन केला. ते प्रामाणिक निघाले. "मी कुत्री-मांजरं बघतो. सशाचं पोट हा वेगळा विषय आहे, त्यात मी हात घालणार नाही," म्हणाले आणि सशांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. नाही म्हणता येणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे. त्यांनी फोन ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारला होता, "शेवटचं खाल्लं कधी?" मी सांगितलं, बहुतेक काल रात्री. ते म्हणाले, "मग आता थांबू नका."

एका खोक्यात टॉवेल, त्यावर ठिपका, वरून फडकं. लेक मांडीवर खोकं धरून बसली आणि वाटभर एक शब्द बोलली नाही, कारण भीतीने सशाचं आतडं आणखी मंदावतं, असं नव्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीच्या आधी त्याच्या पोटाला लावला. मला हे विचित्र वाटलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी बराच वेळ. निरोगी सशाच्या पोटात सतत बारीक गुडगुड चालू असते. इथे जवळजवळ शांतता होती. मग तापमान घेतलं, 37.4 अंश सेल्सिअस. मी म्हटलं, म्हणजे ताप नाही. त्या म्हणाल्या, "माणसाला नाही. सशाचं 38.5 ते 40 असतं. हा गार पडत चाललाय."

मग त्यांनी कागद ओढला. "आल्यापासून काय काय खाल्लं ते सांगा. सगळं."

मी म्हटलं, "ते रंगीत दाणे मिळतात ना, ते. वाटी भरून ठेवतो."

"आणि?"

"केळ्याची एखादी चकती. रोज नाही."

लेक माझ्याकडे बघत होती. "रोज," ती म्हणाली. "आणि मी गाजर द्यायचे. शाळेत जाताना एक तुकडा आणि आल्यावर एक."

डॉक्टर लिहीत होत्या. "अजून घरात कोण कोण आहे?"

मी सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. थोडा वेळ आढेवेढे झाले. मग आवाज आला, "अर्धं बिस्कीट. माझ्या हातातून घ्यायचा गं, इतकं गोड धरायचा दोन पायांनी." मागून नवऱ्याचा आवाज ऐकू आला की त्यानेही एकदा सफरचंदाची फोड दिली होती. एकदाच, असं त्याने दोनदा सांगितलं.

असा तो कबुलीजबाब. चार माणसं, प्रत्येकाने इतरांच्या नकळत थोडंसं दिलेलं. प्रत्येकाच्या मते ते थोडंसंच होतं. अर्ध्या किलोच्या प्राण्याला चार जणांचं थोडंसं म्हणजे किती, याचा हिशोब कुणी केला नव्हता.

"आणि गवत?" डॉक्टरांनी विचारलं.

"गवत आहे ना. अंथरायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गवत हेच त्याचं जेवण आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तोंडी लावणं."

पुढची दहा मिनिटं त्यांनी मला जे समजावलं, ते मी नंतर अनेकदा इतरांना समजावलं आहे, म्हणून आता ते माझ्याच शब्दांत येतं. सशाचं पोट हे एकेरी रस्त्यासारखं आहे. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की ससा ओकूच शकत नाही. आत गेलेलं फक्त पुढे जातं, आणि पुढे जायचं तर मागून काहीतरी ढकलणारं लागतं. ते ढकलणारं म्हणजे गवतातला जाडाभरडा चोथा. तो स्वतः फारसा पचत नाही, पण आतडं चालतं ठेवतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला निवडानिवड होते. जाड चोथा पुढे जाऊन कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक आणि पातळ भाग उलटा फिरवून एका भल्यामोठ्या पिशवीत, अंधांत्रात, पाठवला जातो. आतड्यांतल्या एकूण ऐवजापैकी जवळजवळ 40 टक्के ऐवज एकट्या त्या पिशवीत असतो. तिथे कोट्यवधी जिवाणू तो आंबवतात. ससा जगतो तो या जिवाणूंच्या जिवावर. साखर आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले की या वस्तीत भलत्यांचं राज्य येतं, वायू धरतो, पोटाला गुबारा येतो, दुखायला लागतं. दुखलं की ससा खात नाही. खाल्लं नाही की मागून ढकलणारं काही उरत नाही आणि आतडं थांबतं. थांबलं की आणखी दुखतं.

"म्हणून सशाला लंघन नाही," त्या म्हणाल्या. मी सासूबाईंचं नाव घेतलं नव्हतं, पण त्यांनी हे वाक्य बहुधा पुष्कळांना ऐकवलं असावं. "कुत्र्याला, मांजराला, माणसाला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात. का? भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. ससा ओकतच नाही, त्यामुळे त्याला ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा तासन्‌तास उपाशी ठेवत नाहीत. मोठा ससासुद्धा दहा-बारा तास खात नसेल तर मी त्याला तातडीचा रुग्ण समजते. आणि हा मोठा नाही. तुम्हाला वय किती सांगितलं?"

"दोन महिने."

त्यांनी त्याला उचलून दात पाहिले, वजन केलं. 540 ग्रॅम. "सहा आठवड्यांच्या वर नसेल. ह्याने अजून आईजवळ असायला हवं होतं."

मग मला जे कळलं, ते त्या सगळ्या दिवसातलं सर्वांत जिव्हारी लागणारं होतं. सशाची आई पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही जेमतेम तीन-चार मिनिटं. एवढ्यावर ती वाढतात. त्या दुधापासून पिल्लाच्या जठरात काही स्निग्ध आम्लं तयार होतात आणि ती रोगजंतूंना रोखून धरतात. मोठ्या सशाच्या जठरात हे काम तीव्र आम्ल करतं, पीएच 1 ते 2 इतकं. पिल्लाच्या जठरात ते आम्ल तेवढं तीव्र नसतं. तिथला पीएच 5 ते 6.5 च्या आसपास असतो, म्हणूनच आईचे चांगले जिवाणू जिवंतपणे खाली उतरून वस्ती करू शकतात. ते मिळतात कुठून, तर आईच्या लेंड्यांतून. बिळात आई काही लेंड्या सोडते आणि पिल्लं त्या कुरतडतात. दूध तुटतं तेव्हा एक पहारेकरी निघून गेलेला असतो आणि दुसरा अजून कामावर रुजू झालेला नसतो. नेमक्या त्या मधल्या दिवसांत आम्ही त्याला घरी आणलं होतं, आणि पाहुणचार म्हणून केळं भरवलं होतं.

मला अचानक पर्समधल्या गोळ्या आठवल्या. आठवड्यापूर्वीच्या घशाच्या दुखण्यातून उरलेलं अमॉक्सिसिलिन. घरून निघताना मी ते सोबत घेतलं होतं, लागलंच तर म्हणून. मी पाकीट पुढे केलं. डॉक्टरांनी ते हातात न घेताच मान हलवली. पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाला मारू शकतं, कारण ते अंधांत्रातली चांगली वस्ती उठवतं आणि क्लॉस्ट्रिडियमच्या जातीच्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं. ते विष सोडतात. दुसऱ्या प्राण्याचं, माणसाचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, कसलंही उरलेलं औषध सशाला द्यायचं नाही. त्या हे जरा मोठ्या आवाजात म्हणाल्या. मला ओरडा बसला आणि तो योग्य होता.

त्यांनी ट्रेमध्ये पडलेलं काही आणलंय का विचारलं. मी सकाळचा कागद टाकून दिला होता. सुदैवाने खोक्यातल्या टॉवेलला थोडं लागलेलं मिळालं. त्यांनी काचपट्टीवर घेतलं, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि लेकीला बोलावून दाखवलं. लहान पिल्लांमध्ये नेहमी आढळणारे कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले परजीवी, त्यांची लंबगोल अंडी. म्हणजे दोष एकट्या केळ्याचा नव्हता. पण परजीवी थोडे असताना पोट त्यांना सांभाळून घेतं. चुकीच्या खाण्याने आणि नव्या जागेच्या भीतीने ते सांभाळणं सुटलं होतं.

एक्स-रे काढून पोटात काही अडकलेलं नाही याची त्यांनी खात्री केली. ती होईपर्यंत भरवायचं नसतं, कारण ढोलासारखं टणक फुगलेलं, बंद झालेलं पोट असेल तर भरवणं म्हणजे घात. मग कातडीखाली कोमट सलाइन. खांद्यांच्या मधोमध उंटाच्या वशिंडासारखा फुगा आला आणि लेकीला पहिल्यांदा रडू फुटलं. वेदनाशामक दिलं. त्याबद्दल डॉक्टर फार ठाम होत्या. दुखणं थांबल्याशिवाय तो खाणार नाही, खाल्ल्याशिवाय आतडं चालणार नाही, तेव्हा दुखणं थांबवणं हाच उपचार. वायूसाठी थेंब, कॉक्सिडियासाठी एक औषध. आणि ऊब.

त्यांच्याकडे रात्री थांबणारं कुणी नव्हतं. "रिकाम्या खोलीत ठेवण्यापेक्षा तुमच्या घरी बरा," त्या म्हणाल्या, "पण रात्रभर जागावं लागेल. आणि एक स्पष्ट सांगते. या वयाची पिल्लं दिवसभरात जातात. मी वचन देत नाही."

रात्र कशी गेली हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही, कारण तिच्यात तेच तेच होतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी, उकडलं तर त्याला सरकता यावं म्हणून. दर तीन तासांनी गवताच्या भुकटीचं पातळ हिरवट खळगूट कोमट पाण्यात कालवायचं. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथून बारीक सिरिंज आत सरकवायची आणि थेंब थेंब सोडायचं. मान वर करायची नाही, नाहीतर फुप्फुसात जाईल. तो चघळेपर्यंत थांबायचं. पुन्हा थेंब.

पहिल्या खेपेला त्याने बहुतेक सगळं माझ्या बाहीवर ओघळू दिलं. मला वाटलं, हे जबरदस्तीचं भरवणं म्हणजे क्रूरपणा आहे. आपल्याला खायचं नसताना कुणी चमचा दाताला लावला की किती राग येतो. पण दुसऱ्या खेपेला, मध्यरात्रीनंतर, त्याचे जबडे हलले. बाजूबाजूला, त्यांच्या त्या खास रीतीने, जात्यासारखे.

सासूबाई झोपल्या नव्हत्या. दर थोड्या वेळाने दारात यायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी सांगितलं म्हणून तू वाटी उचललीस ना?" मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं. ते खरंही होतं. त्या माझ्या शेजारी खाली बसल्या, गुडघे दुखत असताना. मग चारच्या खेपेला टॉवेल त्यांनी धरला आणि सिरिंज मी.

बसल्या बसल्या मनात काहीही येत होतं. आपल्या भाषेत ससा किती आहे. घाबरट माणसाचं काळीज सशाचं. अशक्य गोष्ट म्हणजे सशाची शिंगं. हाल झाले तर ससेहोलपट. चंद्रावरचा डागसुद्धा ससाच, म्हणून तो शशांक. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्याला पळताना पाहिलं, थरथरताना पाहिलं. पण त्याच्या पोटाबद्दल भाषेत चकार शब्द नाही. आणि सशाचं सगळं जगणं-मरणं तर तिथेच आहे.

साडेचारला टॉवेल उलगडला तर त्यात तीन लेंड्या होत्या. मिऱ्यांएवढ्या, वेड्यावाकड्या, एकाला एक केसाने जोडलेल्या. निरोगी सशाच्या लेंडीच्या निम्म्यानेही नव्हत्या. मी त्या तळहातावर घेतल्या आणि नवऱ्याला उठवायला गेले. तो दचकून उठला. "काय झालं?"

"झाली!" मी म्हटलं.

"काय झाली?"

मी हात पुढे केला. त्याने चष्मा शोधला, तळहातावर वाकून पाहिलं, आणि नंतर जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. प्रसूतिगृहाबाहेर बाळ बघितल्यावर त्याने असाच केला होता. लेकीला हे पुढे कधीतरी सांगावं की नाही, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही.

सकाळी आठला डॉक्टरांकडे. वजन 518 ग्रॅम, म्हणजे उतरलं होतं, पण तापमान 38.6. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि मग तो काढून माझ्या कानात घातला. दूरवर कुणीतरी चिखलातून चालत असावं तसा बुडबुड आवाज. बाकी त्या विशेष काही बोलल्या नाहीत. आणखी सलाइन, तीच औषधं, तेच भरवणं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सिरिंज तोंडाने ढकलून दिली, शेजारच्या गवतातली एक काडी ओढली आणि टोकापासून आत घेत घेत संपवली. कागद कापणाऱ्या यंत्रात कागद जावा तशी.

तेव्हापासून घरात नवी व्यवस्था आली. गवत अमर्याद, त्याच्या अंगाएवढा ढीग कायम समोर. लहान आहे तोवर गवतासोबत थोडा लसूणघास, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, मोठा झाला की तो बंद करून साधं गवत. रंगीत दाण्यांचं पाकीट गेलं, त्याजागी एकसारखे, जास्त चोथ्याचे, मोजून दिलेले दाणे. ओला पाला महिना-दीड महिना नाहीच, नंतर एका वेळी एकच नवी भाजी, चिमूटभर, आणि तीन-चार दिवस वाट बघायची. ट्रे रोज धुवायचा, कारण कॉक्सिडियाची अंडी बाहेर पडल्यावर काही काळाने लागण करण्याजोगी होतात, त्याआधी ती हलवायची. दही? बरेच जण सुचवतात. डॉक्टर नको म्हणाल्या, सशाचं पोट दुधासाठी नाही.

सगळ्यात अवघड होतं ते कुणाला काही देऊ न देणं. आलेला प्रत्येक माणूस गाजर घेऊन येतो. चित्रांमधल्या सशांनी लोकांच्या मनात गाजर असं काही रोवलंय की गाजरात साखर असते, सशाला ते मिठाईसारखं, हे सांगितलं की आपण कंजूष ठरतो. लेकीला सुरुवातीला फार जड गेलं. "मग त्याला कसं कळणार मला तो आवडतो ते?" तिने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही माया करायची तीच एक रीत येते. आमच्याकडे कुणी रुसलं की त्याच्यासमोर ताट येतं.

तिने स्वतःच एक वही केली. रोज सकाळी वजन, गवत किती संपलं, आणि लेंड्या. सुरुवातीला ती खरंच एक एक मोजायची. निरोगी ससा दिवसाला शंभर ते तीनशे लेंड्या टाकतो, त्यामुळे हे काम संपायचं नाही. पुढे ती अंदाजाने लिहू लागली. आकार मात्र काढायची. गोल, वाटाण्याएवढ्या, कोरड्या, चिमटीत दाबल्या तर आत सोनेरी भुसा दिसणाऱ्या, म्हणजे सगळं ठीक. बारीक आणि काळपट, म्हणजे पाणी कमी किंवा खाणं कमी. माळेसारख्या केसांनी जोडलेल्या, म्हणजे त्याचे केस गळताहेत, विंचरा.

एकदा मात्र वहीत सगळं ठीक असूनही मी फार घाबरले. बरा होऊन दोन आठवडे झाले असतील. पहाटे त्याच्या मागे द्राक्षांच्या घोसासारखं काळसर, चकचकीत, भयंकर वासाचं काहीतरी चिकटलेलं. मी थेट डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी झोपेतल्या आवाजात विचारलं, "घोस आहे की पातळ आहे?" घोस. "बाकी लेंड्या गोल आहेत?" आहेत. "मग झोपा."

ती जुलाबाची नव्हे, अंधांत्रातून मुद्दाम आलेली मऊ विष्ठा होती. जीवनसत्त्वांनी आणि प्रथिनांनी भरलेली. ससा ती एरवी थेट तोंडाने घेऊन गिळतो, बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणून ती आपल्या नजरेला पडत नाही. म्हणजे तो एकच जेवण दोनदा जेवतो. मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने 1882 मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. मला मात्र ते पहाटे पाच वाजता कळलं. खाणं जरा जास्त सकस झालं की ससा ही विष्ठा खायचं टाळतो आणि ती मागे चिकटून राहते. दाणे दोन चिमट्यांनी कमी केले, घोस थांबला. चिकटलेलं ओल्या कापसाने पुसायचं, लगेच कोरडं करायचं. ते तसंच ठेवलं तर माश्या अंडी घालतात, आणि पुढचं मला इथे लिहायचं नाही.

ठिपका आता चांगला थोराड झालाय. मला अजूनही रात्री मध्येच जाग येते. आधी कानोसा घेते. गवत चावण्याची करकर ऐकू आली की कूस बदलते. ऐकू आली नाही की उठते, दिवा न लावता ट्रेपाशी जाते आणि बोटांनी चाचपते. सासूबाईंनी एकदा मला तसं करताना पाहिलं. त्या म्हणाल्या, "आहेत गं. मी आत्ताच बघून गेले."

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलाने हट्टाने ससा आणलाय, लहानसं पिल्लू. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अगं, आज सकाळपासून जरा गप्प आहे. काही खात नाही. म्हटलं पोटाला आराम देऊ या, उद्यापर्यंत वाट बघू."

"लेंड्या कशा आहेत?" मी विचारलं.

"शी! मी कशाला बघू?"

"बघ."

तिची चप्पल दूर गेल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग ती आली आणि म्हणाली, "नाहीयेतच गं. एक जेलीसारखं काहीतरी पडलंय."

"ते टाकू नकोस, डबीत घे. खोक्यात गवत आणि गरम पाण्याची बाटली ठेव. मी तुला डॉक्टरांचा नंबर पाठवते," मी म्हटलं. "निघ आधी. बाकीचं वाटेत सांगते."